सोबतच्या व्यक्तीचे प्रयोजन

हिची अट एकच होती. त्या दिवशी ती गॅस पेटवणार नाही. चहापुरतासुद्धा नाही.

"सकाळचा चहा बसस्टँडवर, दुपारचं जेवण नदीकाठच्या खानावळीत, आणि रात्री घरी आल्यावर कुणाला भूक लागलेली नसेल," हिने बोटं मोजत सांगितलं. "ज्याला लागेल त्याने पाणी पिऊन झोपावं."

अट काही भारी नव्हती. आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. त्यात आम्ही नऊ वेळा सुट्टीवर गेलो आणि नऊही वेळा स्टोव्ह बरोबर होता. समुद्रावर गेलो तेव्हा हिने वाळूत खड्डा करून, वाऱ्याकडे पाठ करून सात माणसांचा भात शिजवला होता. मी त्याचा फोटो काढला. फोटोत समुद्र आलाच नाही, सगळी वाफच आली. तेव्हा मी म्हटलं, अट मान्य. मी शब्दाचा पक्का माणूस आहे, असं तोवर माझंसुद्धा मत होतं.

रजा माझी होती. कचेरीत मी आवक-जावक बघतो. आलेल्या कागदावर शिक्का, गेलेल्या कागदावर शिक्का, आणि जो येतही नाही नि जातही नाही त्याच्यावर दगड, असं हे काम आहे. साहेबांनी बोलावून सांगितलं की तुमची एक दिवसाची रजा शिल्लक आहे, महिनाअखेर बुडेल. एकतीस वर्षांच्या नोकरीत माझं काही बुडालेलं नाही, तेव्हा मी तिथल्या तिथे अर्ज खरडला.

कात्रण मात्र हिचं होतं. हे आधीच कबूल केलेलं बरं, पुढे कबूल करण्यासारखं पुष्कळ आहे. पेपरातलं ते कात्रण हिने दोन वर्षं बटणांच्या डब्यात जपून ठेवलं होतं. एक नदी, नदीवर फ्लाय फिशिंगची सोय, आणि काठावर एक खानावळ. तिची मालकीण तुम्ही पकडलेला मासा लोणी लावून भाजून देते, सोबत उकडलेले बटाटे, आणि शेवटी सफरचंदाचं काहीतरी गोड. मी कात्रणातली नदी वाचली, हिने खानावळ वाचली. सव्वीस वर्षांच्या संसारात असं चालतंच.

फ्लाय फिशिंग म्हणजे काय, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. त्यात गळाला किडा लावत नाहीत. पिसं आणि दोरा गुंडाळून एक खोटी माशी बनवतात आणि ती पाण्यावर अशी अलगद टाकायची की माशाला ती खरी वाटावी. म्हणजे फसवणूकच, पण सभ्य माणसांनी करण्यासारखी. मला ही कल्पना फार पटली.

आता रॉड आणायचा कुठून. आमच्या वरच्या मजल्यावर रस्तेखात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. बिल्डिंगमध्ये त्यांना सगळे 'अनुभवी' म्हणतात, कारण विषय दाढदुखीचा असो की मुलीच्या लग्नाचा, त्यांचं वाक्य "अनुभवाने सांगतो" असंच सुरू होतं. त्यांच्या कपाटावर वीस वर्षं एक रॉड पडून होता. मी मागितला. त्यांनी तो खाली काढला, फुंकर मारली, आम्ही दोघं शिंकलो.

"देतो," ते म्हणाले, "पण अनुभवाने सांगतो, ही काठी परक्या हाताला वळत नाही. मी येतो बरोबर."

म्हणजे नाकापेक्षा मोती जड. पण रॉड त्यांचा, नाही कसं म्हणणार? मी खाली येऊन हिला सांगितलं. हिने एवढंच विचारलं, "ते जेवायलाही असतील?"

"असणारच."

"मग खानावळीत एक ताट जास्त सांगते," ही म्हणाली आणि फोनकडे गेली. त्या खानावळीला हिने एकूण तीन फोन केले. पहिला ताटांसाठी, दुसरा लोणी खारं की बिनमिठाचं हे विचारायला, आणि तिसरा कशासाठी ते मला कळलं नाही. खूप वेळ चालला आणि ही मध्ये दोनदा हसली.

पंधरा दिवस आम्ही गच्चीवर सराव केला. अनुभवी खुर्ची टाकून बसायचे आणि "मनगट, मनगट" असं म्हणत राहायचे. खांदा हलवायचा नाही, कोपर हलवायचं नाही, फक्त मनगट. मी मनगट हलवलं की बाकीचा देह आपोआप हलायचा. तिसऱ्या दिवशी माशी तळमजल्यावरच्या वकीलबाईंच्या वाळत घातलेल्या काळ्या कोटात रुतली आणि मी ओढल्यावर कोटाचा खिसा वर आला. वकीलबाई जिना चढून आल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. "झालेला प्रकार मला लेखी हवा," एवढंच म्हणाल्या. मी लेखी दिला, दोन प्रतींत. त्यात 'वाऱ्याचा वेग' हा शब्दप्रयोग मी तीन वेळा केला आहे. हिने तो कोट आणून शिवून दिला आणि परत जाताना गच्चीवरचे ओले टॉवेल झटकून वाळत घातले. झटकताना असा फट्ट आवाज यायचा की अनुभवी दर वेळी दचकायचे. त्या आवाजाकडे तेव्हा आमचं कुणाचं लक्ष गेलं नाही. आम्ही मनगटाचा अभ्यास करत होतो.

मग परवाना. नदीचा परवाना द्यायची कचेरी शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि खिडकी अकरा ते एक उघडी असते. खिडकीत माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवणारा माणूस होता. आपल्या धंद्यातला माणूस, आपल्याला सांभाळून घेईल असं वाटलं. पण मी कचेरीत लोकांना वागवतो अगदी तसंच त्याने मला वागवलं. तक्रार तरी कशी करणार?

अर्जात चौदा रकाने होते. नवव्यात विचारलं होतं, 'याआधी या नदीत पकडलेला मासा व त्याची लांबी'. मी लिहिलं, 'निरंक'. हा शब्द मला फार आवडतो. 'नाही' म्हटलं की लाज वाटते, 'निरंक' म्हटलं की काम पूर्ण झाल्यासारखं वाटतं. अकराव्या रकान्यात होतं, 'सोबत येणाऱ्या व्यक्तीचे प्रयोजन'. अनुभवींचं प्रयोजन त्यांनी स्वतःच आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं, 'मार्गदर्शन'. चौदाव्यात साक्षीदार म्हणून सहीही त्यांचीच होती. हिच्या नावापुढे मी काहीच लिहिलं नाही.

"रिकामा रकाना चालत नाही," खिडकीतला माणूस म्हणाला.

"बायको आहे हो माझी. बायकोला कसलं प्रयोजन?"

"मासेमारी लिहा. परवाना जोडीचा होईल, वेगळं काही पडत नाही. फक्त त्यांची सही आणि फोटो लागेल. उद्या घेऊन या."

"आज कचेरीतून दोन तास सुटून आलोय, उद्या जमणार नाही. आणि ती कुठे मासे धरणार आहे?"

"मग पर्यटन लिहा. त्याला खिडकी क्रमांक चार. ती गुरुवारी उघडते."

तो शुक्रवार होता. मी विचारलं, "सही-फोटो न लागणारं असं काही आहे का?"

त्याने यादीवरून बोट फिरवलं. "भोजनव्यवस्था. त्याला काही लागत नाही." माझा चेहरा बघून तो पुढे म्हणाला, "नुसतं कागदावर असतं हो."

हे वाक्य मी माझ्या खिडकीतून हजार वेळा लोकांना ऐकवलेलं आहे. त्याची किंमत माझ्याइतकी कुणालाच ठाऊक नसेल. तरीही पेन माझ्याच हातात होतं आणि एक वाजायला सात मिनिटं कमी होती. मी लिहिलं. घरी आल्यावर हिने विचारलं, "माझं नाव घातलंत ना?" मी म्हटलं, घातलं. खोटं काय बोललो?

ठरल्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. मी रॉड, रीळ आणि अनुभवींचे गमबूट घेतले होते, दोन नंबर मोठे. अनुभवींनी त्यांची गच्चीवरची खुर्ची घेतली होती. हिच्याजवळ पर्स आणि एक पुस्तक, बस्स. बसमध्ये ही दोनदा दचकून जागी झाली, काहीतरी विसरलंय म्हणून. विसरला होता तो स्टोव्ह. मग ही एकटीच हसली, पुन्हा खिडकीला डोकं टेकवलं आणि झोपली. बसमध्ये झोपलेलं मी हिला तेव्हाच पाहिलं. एरवी मांडीवर डबे असतात, डुलकी घेतली तर रस्सा सांडतो.

नदी छान होती. कुणाची निंदा करायची नाही मला. पाणी गुडघाभर, स्वच्छ, खालचे गोटे दिसत होते आणि गोट्यांच्या मधून मासेही दिसत होते. तीच पंचाईत. दिसत नसते तर मी म्हटलं असतं, नदीत मासेच नाहीत. सकाळी साडेआठ ते साडेबारा मी त्या पाण्यात उभा राहून मनगट हलवलं. पहिली माशी मागच्या झाडात अडकली. दुसरी त्याच झाडात. तिसरी माझ्या कॉलरमध्ये, आणि ती काढायला म्हणून अनुभवी खुर्चीतून उठले ते चौथी मोडूनच बसले. पाचवी नीट पाण्यावर पडली. एक मासा वर आला, त्याने तिच्याकडे पाहिलं आणि निघून गेला. मी कागद न वाचताच परत करतो तेव्हा समोरच्याला काय वाटत असेल, ते मला त्या वेळी कळलं.

"अनुभवाने सांगतो," काठावरून अनुभवी म्हणाले, "चूक काठीची नाही."

नाचता येईना अंगण वाकडं हे मीही ऐकलेलं आहे. मी त्यांना उत्तर द्यायला वळलो, डावा गमबूट चिखलात राहिला, मी पुढे आलो आणि बसलो. मानेपर्यंत पाणी. एकतीस वर्षांत पहिल्यांदा काहीतरी बुडालं. बाहेर आलो तर दोरीचा नुसता गुंता झालेला. कसाबसा सोडवला आणि रॉड हिच्या हातात दिला.

"जरा धर. मी बूट ओतून येतो."

ही पुस्तक उलटं ठेवून उठली. शेवटची, सहावी माशी दोरीच्या टोकाला लोंबकळत होती. ती हिच्या साडीच्या काठाला लागायला लागली म्हणून हिने रॉड उचलला आणि एक झटका दिला. ओला टॉवेल झटकतात तसा. दोरी मागे गेली, सरळ झाली, पुढे आली आणि माशी पाण्यावर अशी टेकली की मलासुद्धा ती खरी वाटली. पाणी फुटलं. रॉड वाकला.

पुढची दहा मिनिटं मी एका पायात बूट घालून आणि दुसरा हातात धरून ओरडत होतो. "सोड, सोड," मी म्हणत होतो. "ओढा, ओढा," अनुभवी म्हणत होते. हिने आमच्यापैकी कुणाचंच ऐकलं नाही. मासा पळाला की दोरी देत होती, दमला की घेत होती, अगदी शांतपणे, जसं काही रोजचंच. मग ही चपलांसकट पाण्यात उतरली आणि दोन्ही हातांनी मासा उचलून वर आली. चांगला कोपरापासून बोटांपर्यंत लांब होता.

"अहो," ही म्हणाली, "मी पकडला."

हिचा चेहरा तसा मी मुलगी झाली त्या दिवशी पाहिला होता. त्यानंतर नाही. आणि त्या चेहऱ्याकडे बघून मी काय म्हणालो, ते सांगतो. मी म्हणालो, "हळू बोल. परवाना माझ्या नावावर आहे."

तेवढ्यात झाडीतून नदीचा पहारेकरी आला. खाकी टोपी, हातात वही, गळ्यात कॅमेरा. आरडाओरडा ऐकूनच आला असणार. बिनपरवाना माणसाने मासा धरला तर मासा जप्त, रॉड जप्त आणि परवानेवाल्याचं नाव नाक्यावरच्या काळ्या फळ्यावर, असा नियम परवान्याच्या मागे बारीक अक्षरात छापलेला होता. बारीक अक्षर वाचणारा त्या नदीवर मी एकटाच असेन. हिचा चेहरा उतरताना मी पाहत होतो आणि माझ्या डोळ्यांपुढे मात्र तो काळा फळा होता.

"कुणी धरला?" पहारेकऱ्याने विचारलं.

"मी," मी म्हणालो.

त्याने माझ्या हातातला गमबूट पाहिला. मग हिच्याकडे पाहिलं. "बाई, मासा तर तुमच्या हातात आहे."

हिने आपल्या हातांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, जरा जास्त वेळ.

"मी साफ करायला घेतला होता," ही म्हणाली.

पहारेकऱ्याच्या झोपडीत मासा मोजला. त्रेपन्न सेंटिमीटर. त्या हंगामातला सर्वांत मोठा. त्याने उठून माझ्याशी हात मिळवला, नोंदवहीत माझं नाव लाल शाईने लिहिलं आणि मला मासा धरून दारात उभं केलं. इथवर ठीक होतं म्हणा. अडचणीत माणूस खोटं बोलतो, मीही बोललो. पण फोटोत मी हसलो आहे. ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

तिथून खानावळीपर्यंतच्या वाटेत मी पहारेकऱ्याला मासा कसा लागला ते सांगितलं. सांगता सांगता तो मला आठवायलाही लागला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण नागोबालासुद्धा बीळ आपण खोदलं असं वाटत नसावं. मला वाटायला लागलं होतं. आता अनुभवींना ते सहन होईना.

"रॉड माझा आहे, हेही वहीत यायला हवं होतं," ते म्हणाले.

"परवाना माझा आहे," मी म्हणालो.

"पंधरा दिवस मनगट कुणी शिकवलं?"

"आणि पंधरा दिवस हलवलं कुणी?"

मासा परवान्याचा की काठीचा, यावर आम्ही दोघं पाऊण मैल भांडलो. मासा हिच्या हातात होता. ही चार पावलं मागून येत होती, ओल्या चपला चपचप वाजवत.

खानावळ कात्रणातल्यासारखीच होती. निळं दार, खिडकीत कुंड्या, आत सहा टेबलं. एकाही टेबलावर माणूस नव्हता. मालकीणबाई मुदपाकखान्याच्या उंबऱ्याशी स्टुलावर बसल्या होत्या आणि त्यांचा उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत बँडेजमध्ये होता.

"सकाळी कढईतलं तेल हातावर आलं," त्या म्हणाल्या. "मदतीची बाई नेमकी आज आली नाही. लोणी आहे, बटाटे आहेत, विस्तव आहे. हातच नाही." मग त्यांनी हिच्याकडे पाहिलं. "तीनदा फोन करणाऱ्या त्या तुम्हीच ना?"

"हो," ही म्हणाली.

"तुमच्यासाठी मी खिडकीतलं टेबल ठेवलं होतं."

मी म्हटलं, काही हरकत नाही, आपण मासा घरी घेऊन जाऊ. पहारेकरी म्हणाला, नोंदीचा मासा कच्चा हद्दीबाहेर नेता येत नाही, इथेच शिजवा नाहीतर टाका. मी म्हटलं, मग टाकू. हे मी खरंच म्हटलं, फक्त हळू म्हटलं. अनुभवी म्हणाले, त्रेपन्न सेंटिमीटर टाकायचं म्हणजे पाप आहे. पहारेकऱ्यालाही पहाटेपासून पोटात काही नव्हतं. त्याने माझा परवाना उघडला, बोट फिरवलं आणि त्याचा चेहरा एकदम खुलला.

"मग अडलंय कुठे? तुमच्याबरोबर भोजनव्यवस्था आहेच की."

"म्हणजे?" हिने विचारलं.

"हे काय, अकराव्या रकान्यात."

"बघू," ही म्हणाली.

हिने मासा टेबलावर ठेवला, पदराला हात पुसले आणि परवाना घेतला. उजेडात धरून पहिल्या रकान्यापासून चौदाव्यापर्यंत वाचला. मी खिडकी क्रमांक चारबद्दल सांगायला तोंड उघडलं. गुरुवारबद्दल, सही-फोटोबद्दल. सगळं खरं होतं.

"अक्षर तुमचंच आहे," ही म्हणाली. परवाना नीट घडी घालून माझ्या हातात दिला आणि आत गेली.

मग आम्ही तिघं पुरुष खिडकीतल्या टेबलाशी बसलो. आतून दोन बायकांचा आवाज येत होता. एक सांगत होती, "लोणी करपू द्यायचं नाही," आणि दुसरी म्हणत होती, "फोनवर सांगितलं होतंत, लक्षात आहे." मधे एकदा हसण्याचाही आवाज आला. मी उठून आत जावं असं मला वाटलं. पण माझी पँट ओली होती, आणि जाऊन करणार काय, असंही वाटलं. असं वाटण्यातच माझी सव्वीस वर्षं गेलेली आहेत.

मासा फार सुंदर झाला होता. वरून कुरकुरीत, आत मऊ, लोणी प्रत्येक पदरात गेलेलं. मी आयुष्यात इतकं चांगलं काही खाल्लेलं नाही. पहारेकऱ्याने बोटं चाटली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "मासा धरावा तर असा," तो म्हणाला. अनुभवी म्हणाले, "अनुभवाने सांगतो, मीठ किंचित कमी आहे." तरी तिसऱ्यांदा घेतलं. मालकीणबाईंना हिने आत स्वतःच्या हाताने भरवलं. ताटं उचलायला ही बाहेर आली तेव्हा मी विचारलं, "तू नाही बसलीस?"

"मला भूक नाही," ही म्हणाली.

तेवढ्यात मालकीणबाईंनी फळीवरून एक वाटी डाव्या हाताने काढली. "हे सफरचंदाचं कालचं आहे. मी केलेलं. एकाच माणसापुरतं आहे," त्या हिला म्हणाल्या, "तू बाहेर बसून खा." हिने वाटी घेतली, पायरीवर गेली आणि निळं दार बाहेरून ओढून घेतलं. खिडकीतून हिची पाठ दिसत होती. खूप सावकाश खात होती. अनुभवी दाराकडे बघून म्हणाले, "गोड काही आपल्यापर्यंत आलं नाही." परतीच्या बसमध्ये ही झोपली नाही.

महिन्याभराने नदी कार्यालयाकडून टपाल आलं. फोटो आणि प्रमाणपत्र, 'हंगामातील सर्वांत मोठा मासा', खाली माझं नाव. पाकीट कचेरीच्या पत्त्यावर आलं, कारण अर्जात मी तोच दिला होता, आणि आवक-जावक मीच बघत असूनही ते साहेबांच्या हाती लागलं. साहेबांनी सगळ्यांना बोलावलं आणि मला चार शब्द बोलायला लावलं. मी अर्धा तास बोललो. खांदा हलवायचा नाही, कोपर हलवायचं नाही, हेसुद्धा करून दाखवलं. टाळ्या वाजल्या. आता हे सगळं मागे घ्यायचं म्हणजे साहेबांना, पहारेकऱ्याला आणि त्या लाल शाईला तोंड कुठलं दाखवणार?

प्रमाणपत्र मी फोटोसकट घरी आणलं. मला ते हॉलमध्ये लावायचं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आलो तर हिने ते आधीच लावलं होतं. स्वयंपाकघरात, गॅसच्या बरोबर वर.

"तिथे तेलकट होईल," मी म्हणालो.

"मी पुसत जाईन," ही म्हणाली. आणि पुसते. रोज. फोटोत कडेला, दाराच्या बाहेर, हिचा अर्धा हात आला आहे. अनुभवींचे गमबूट धरलेला.

यावर कधी बोलणं झालं नाही. ही भांडली असती तर मला बरं पडलं असतं. भांडणात माझीही एखादी बाजू निघते. ही नेहमीसारखीच बोलत होती, वाढत होती, हाक मारत होती. फक्त कधी कधी ओले टॉवेल झटकायला गच्चीवर गेली की लवकर खाली यायची नाही. वरून फट्ट फट्ट आवाज येत राहायचा, चार टॉवेल असले तरी चाळीसेक वेळा.

परवा मी कचेरीतून आलो तर जेवणाच्या टेबलावर एक अर्ज होता. चौदा रकान्यांचा. मी तो लांबूनच ओळखला. कोपऱ्यात हिचा नवा फोटो चिकटवलेला होता, स्टुडिओत जाऊन काढलेला. अक्षर हिचं, ठळक, सुटं. सोबत येणारी व्यक्ती, निरंक. सोबत येणाऱ्या व्यक्तीचे प्रयोजन, निरंक. हा शब्द हिने माझ्याकडूनच घेतला असणार, दुसरीकडे कुठे वापरतात तो?

"साक्षीदार लागतो," ही म्हणाली. "वरच्यांना सांगितलं तर ते बरोबर येतील. म्हणून तुम्ही करा."

मी पेन काढलं आणि सवयीने वरपासून वाचायला लागलो. नवव्या रकान्याशी थांबलो. 'याआधी या नदीत पकडलेला मासा व त्याची लांबी'. तिथेही हिने लिहिलं होतं, निरंक.

चौदाव्या रकान्यात छापलेलं असतं, 'वरील सर्व माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे'. अनुभवींनी गेल्या खेपेला न वाचता सही ठोकली होती. मी न वाचता कधी करत नाही.

"अगं, नऊ नंबरचा रकाना," मी म्हणालो.

"काय झालं त्याला?"

मी वर पाहिलं. ही गॅसपाशी उभी होती, डोक्याच्या वर मी मासा धरून हसत होतो.

"कागदावर तेच आहे ना?" हिने विचारलं.

"हो," मी म्हणालो.

मी सही केली. खाली पूर्ण नाव, हुद्दा, तारीख. हिने अर्ज उचलला, शाई वाळेपर्यंत हातात धरला आणि पर्समध्ये ठेवला.

"पुढच्या शनिवारी आहे," ही म्हणाली. "मी पहाटेच जाईन. खिडकीतलं टेबल सांगून ठेवलंय. त्या दिवशीची भोजनव्यवस्था तुमची तुम्ही बघा."